दिव्याच्या पुलावरून : कोकणची गाडी उभी का?

साबेगावकर (सोमवार, १५ जुलै २०२४, सकाळी ८:०५)

रोज सातच्या सुमारास मी दिवा स्थानकाच्या पादचारी पुलावरून ठाण्याची लोकल पकडायला जाते. त्या वेळेला सावंतवाडीची गाडी कधीच निघून गेलेली असते. आज पुलावर आले तर सगळे डबे जागच्या जागी. खिडक्यांच्या झडपा अर्ध्या ओढलेल्या, इंजिनाचा विजेच्या तारेला टेकणारा पेंटो खाली, आणि छपरावरून ओघळणाऱ्या पाण्याची धार फलाटाच्या कडेला पडत होती. अर्ध्याहून अधिक डबे रिकामे.

एका दारात आजोबा बसले होते. पायाशी गोणपाटात गुंडाळलेली दोन नवी खोरी, पिशवीत इरल्याऐवजी घेतलेलं निळं प्लॅस्टिक. करंजाडीला लावणीसाठी निघालेले. पहाटे चारला मुंब्र्याहून रिक्षाने आले होते. म्हणाले, "बाय, गाडी जाणार नाय म्हणतात. मग हितं कशाला उभी ठेवलीय? हलली तर बरं, म्हणून उतरलो नाय मी."

मला उत्तर देता आलं नाही. कालपर्यंत धावणारी गाडी आज अशी का उभी? कोणाला काही कळलं आहे का?

---

रुळसोबती (सोम, ८:२१)

ताई, काल संध्याकाळी दिवाणखवटीजवळच्या बोगद्यापाशी दरड खाली आली. विन्हेरे आणि खेडच्या मधला भाग. रुळांवर लाल मातीचा राडा साचला आहे. कालपासून कोकण रेल्वे त्या जागी बंद आहे. आठवड्यापूर्वी पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं होतं, त्यातून सावरतात तोच हे.

आजोबांना कृपया सांगा, आज दुपारपर्यंत काही खरं नाही. पनवेलहून महाडची एसटी मिळाली तर पुढे करंजाडी जवळ आहे.

---

साबेगावकर (सोम, ८:३४)

सांगितलं असतं हो, पण मी आता ठाण्यात पोचले. पुलाखालच्या चहावाल्याचा नंबर माझ्याकडे आहे, त्याला फोन करते.

आणि एक शंका. दिवाणखवटी खूप पुढे आहे. दरड तिथे पडली तर दिवा ते माणगाव, वीर, करंजाडी हा मार्ग धडधाकट आहे ना? गाडी करंजाडीपर्यंत नेऊन परत का आणत नाहीत? आजोबांसारखे पेण, कोलाड, माणगावचे किती तरी लोक असतील.

---

कळव्याचा_सांधा (सोम, ९:१०)

प्रश्न अगदी बरोबर आहे. रेल्वेत बरीच वर्षं काढली आहेत, आता निवृत्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रोह्यापासून वीरपर्यंत २०२१ पासून दुहेरी मार्ग आहे. वीरच्या पुढे मुख्यतः एकेरी. एकेरी मार्गावर दोन गाड्यांची गाठ स्थानकातच पडते: एक लूपवर, म्हणजे स्थानकातल्या बाजूच्या रुळावर, थांबते, दुसरी पुढे जाते. काल दरड पडली तेव्हा मुंबईकडून गेलेल्या आणि गोव्याकडून आलेल्या गाड्या जिथे होत्या तिथेच, जवळच्या स्थानकांत धरल्या गेल्या असणार. म्हणजे त्या भागातले लूप आधीच भरलेले. तुमची गाडी करंजाडीपर्यंत नेली तर ती तिथे उभी कुठे करायची? इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडायला मोकळा रूळ हवा. तो नसेल तर गाडी मधल्या मार्गावर अडकते, आणि उद्या दरड निघाली की सुटकेसाठी निघालेल्या सगळ्या गाड्यांच्या पुढे हीच आडवी येते.

दुसरी गोष्ट माणसांची. लोको पायलट आणि गार्ड यांच्या कामाचे तास मोजलेले असतात. पुढच्या स्थानकात बदली कर्मचारी जे यायचे ते पलीकडून येणाऱ्या गाडीनेच येतात. ती गाडी आलीच नाही, तर बदलायला माणूसच नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि पुलावरून ती दिसत नाही. गाडी म्हणजे एक फेरी नव्हे, साखळी आहे. आज दिव्याहून गेलेले डबे उद्या त्याच मार्गाने परत यायचे, मग परवा पुन्हा जायचे. आज गाडी अर्ध्यातून वळवली, तर सावंतवाडीला उद्या सकाळी मुंबईकडे यायला रेकच, म्हणजे डब्यांचा संचच, उरत नाही. म्हणून कधी कधी मार्ग मोकळा होईतो दिव्याला उभी ठेवणं हेच दोन दिवसांच्या हिशेबात कमी नुकसानीचं असतं.

पण रोह्यापर्यंत, किंवा दुहेरी मार्ग संपतो त्या वीरपर्यंत गाडी सोडता येणं शक्य असतं, हे मलाही वाटतं. तिथवर लोकांची सोय झाली असती. तुमचा राग मी चुकीचा म्हणणार नाही.

---

विन्हेऱ्याची_लेक (सोम, ९:४८)

माझं माहेर विन्हेऱ्याचं. काल रात्री आईशी बोलले. म्हणाली, असा पाऊस की अंगणातलं जातं दिसेना. लावणीचे गडी शेतातून परत आले. आमच्याकडे वेळ गाडीवर चालते: अमुक गाडी वाजली की भात वैरायचं, तमुक वाजली की गुरं सोडायची. काल संध्याकाळपासून रूळ गप्प आहेत, तर तिला झोपच लागली नाही.

साबेगावकर ताई, आजोबांचं काय झालं ते नक्की कळवा.

---

साबेगावकर (सोम, १०:१५)

चहावाल्याने निरोप दिला. आजोबा उतरले. तिथलीच दोन कॉलेजची मुलं पनवेलला निघाली होती, त्यांनी खोरी उचलली आणि त्यांना बरोबर घेऊन गेली. पुढे एसटीने जातील.

---

तळोजा_पाचनंद (सोम, दुपारी १:०२)

मी दिवा-पनवेल बाजूचा रोजचा प्रवासी, मेमूने जातो. आजची गाडी दरडीमुळे उभी राहिली, समजलं. पण या निमित्ताने एक जुना प्रश्न विचारतो, कारण इथे जाणकार मंडळी आली आहेत.

एरवीही, म्हणजे दरड-बिरड काही नसताना, कोकणची गाडी दिव्याला बराच वेळ उभी असते. रत्नागिरीची गाडी दुपारी येते, इथेच थांबते आणि इथूनच परत जाते. कोविडच्या आधी हीच गाडी दादरला जायची. आमच्या घरात तिला अजून "दादर पॅसेंजर"च म्हणतात. जो वेळ ती दिव्याला उभी असते, त्या वेळात ती दादरला जाऊन येऊ शकत नाही का? डबे आहेत, इंजिन आहे, लोक आहेत. मग अडतं कुठे?

---

पारसिक (सोम, १:४०)

मी अंतर काढलं. मुख्य मार्गावर सीएसएमटीपासून दिवा साधारण ४३ किलोमीटर, दादर ९ किलोमीटर. म्हणजे तोडलेला तुकडा सुमारे ३४ किलोमीटरचा.

हा आकडा लिहिला आणि थांबलो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ते अंतरही ३४ किलोमीटरच. १४ डबे, ४०० पाहुणे आणि साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ ला, रूळ कल्याणपर्यंत गेले आणि आपला कळवा-मुंब्र्याचा काठ रेल्वेला जोडला गेला. जेवढ्या अंतराने या देशाची रेल्वे सुरू झाली, तेवढंच अंतर आज कोकणच्या माणसाने सामान डोक्यावर घेऊन लोकलच्या गर्दीत काढायचं, हे मला फार लागतं.

---

रुळसोबती (सोम, २:१८)

अडतं ते डब्यांत नाही, रुळांत. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. ठाणे ते कुर्ला ती आधीपासून होती. म्हणजे आता दिव्यापासून कुर्ल्यापर्यंत लांबच्या गाड्यांना वेगळा मार्ग आहे. पण कुर्ल्याच्या पुढे सीएसएमटीकडे पाचवी-सहावी अजून झालेलीच नाही. दादरला जायचं तर कुर्ल्यानंतर जलद लोकलच्या रुळांवर यावं लागतं. दुपारी जलद लोकल काही मिनिटांच्या अंतराने असतात. त्यात एक पॅसेंजर घालायची म्हणजे जाताना एक आणि येताना एक, असे दोन पाथ, म्हणजे वेळापत्रकातल्या दोन मोकळ्या जागा, काढून द्यायचे.

दादरला पोचल्यावरही इंजिन दुसऱ्या टोकाला लावेपर्यंत फलाट अडतो. सावंतवाडीची तुतारी एक्स्प्रेस दादरहून सुटते ती मध्यरात्री, तेव्हा लोकल विरळ झालेल्या असतात. दुपारचं गणित वेगळं.

---

तळोजा_पाचनंद (सोम, २:३३)

पण कोविडच्या आधी हेच रूळ होते, हेच दादर होतं. तेव्हा ठाणे-दिवा पाचवी-सहावीसुद्धा नव्हती. तरीही गाडी जात होती. मार्ग वाढल्यावर गाडी कमी झाली, हे मला कोणी समजावून सांगेल का? आणि दादरहून बलिया, गोरखपूरला विशेष गाड्या सुटतात, त्यांना फलाट मिळतो. त्या प्रवाशांबद्दल माझं काही म्हणणं नाही, त्यांनाही घरी जायचंच असतं. फलाट नाही हे कारण मात्र मला पटत नाही.

---

कळव्याचा_सांधा (सोम, ४:०५)

पाचनंद दादा, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण तो बरोबर आहे. मोकळा झालेला पाथ फार काळ मोकळा राहत नाही. कोविडमध्ये गाडी बंद झाली, दादरचा तो वेळ रिकामा झाला आणि वेळापत्रकात दुसऱ्या कशाने तरी भरला गेला. एकदा भरलेली जागा परत मिळवणं नवी जागा मिळवण्याहून अवघड.

दिव्याला गाडी किती वेळ उभी असते आणि त्यातला किती वेळ खरोखर "रिकामा" आहे, हे मात्र नीट मोजायला हवं. फलाटावरून सगळाच वेळ वाया गेल्यासारखा दिसतो, पण तसं नसतं. गाडी आली की आधी इंजिन सुटतं. ते पलीकडच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला जायचं तर सिग्नल आणि सांधे मोकळे मिळायला हवेत, आणि दिव्याला तर चारी बाजूंच्या गाड्या: मुख्य मार्गाच्या, पनवेलच्या, वसईच्या. इंजिन जोडलं की हवेचा दाब भरायचा. मग गाडीच्या शेवटच्या डब्यापर्यंत ब्रेक लागतो आणि सुटतो की नाही ते पाहायचं आणि कागदावर सही करायची. डब्यांत पाणी भरायचं, झाडायचं. हे सगळं घाईघाईत केलं तर पुढे पेणला पाणी संपतं आणि शिव्या गाडीला बसतात.

त्याशिवाय पावसाळा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं (यंदा, २०२४ ला, १० जूनपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत), वेग कमी ठेवतात. गाडी तासभर उशिरा आली तरी परतीची वेळ चुकू नये म्हणून मध्ये मोकळीक ठेवतात. दिव्याची ती विश्रांती म्हणजे उशीर गिळणारी जागा आहे. ती काढून घेतली तर रत्नागिरीचा उशीर थेट परतीच्या गाडीत उतरतो.

माझा हिशेब असा: दिवा ते दादर पाऊण तास धरा, जाऊन-येऊन दीड तास, वर दादरला इंजिन फिरवायला आणि तपासणीला अर्धा-पाऊण तास. दिव्याची आताची विश्रांती पूर्ण वापरली तरी मोकळीक शून्य होते. दादर द्यायचं असेल तर रत्नागिरीची सुटण्याची वेळ थोडी अलीकडे घ्यावी लागेल, नाहीतर एक रेक वाढवावा लागेल. दोन्ही करता येण्याजोगं आहे. कोणीतरी ठरवायला हवं.

---

घणसोली_खाडी (सोम, ५:२०)

दादर नाही तर कुर्ल्याचं लोकमान्य टिळक टर्मिनस, एलटीटी? दिव्यापासून तिथवर पाचवी-सहावी आहेच, जलद लोकलला धक्काही लागणार नाही.

---

रुळसोबती (सोम, ५:३१)

मार्ग आहे, फलाट मिळवणं कठीण. आणि एलटीटीहून लोकलला यायचं तर टिळकनगर किंवा कुर्ल्यापर्यंत सामान घेऊन पायपीट किंवा रिक्षा. तरी दिव्यापेक्षा बरं, हे मान्य.

ठाण्यालाच शेवट करा असं काही जण म्हणतात. ते जमणार नाही. मे महिन्याच्या शेवटी ६३ तासांचा ब्लॉक घेऊन फलाट पाचची रुंदी वाढवली, कारण उभं राहायला जागा नव्हती. अशा स्थानकात एक गाडी इंजिन फिरवत बसली तर पाचवी-सहावी दोन्ही तुंबतील.

---

विन्हेऱ्याची_लेक (सोम, सायं. ६:४७)

आत्ताच आईचा फोन. "गाडी वाजली गो!" एवढंच म्हणाली आणि ठेवला. दुपारनंतर मार्ग मोकळा झाला. जवळपास २४ तास तिथे भर पावसात माती काढणाऱ्या माणसांना माझा नमस्कार.

आता माझं म्हणणं लिहिते. मी नेरूळला राहते. आईला वर्षातून दोनदा घेऊन येते. तिचे गुडघे गेलेत. पॅसेंजर दादरला जायची तेव्हा ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर पकडायची, एकदाच जिना. आता दिव्याला उतरायचं, पूल चढायचा, पूल उतरायचा, दिव्याच्या गर्दीत लोकलमध्ये चढायचं, तीही आधीच डोंबिवलीहून भरून आलेली. मागच्या खेपेला लोकल सुटली तेव्हा आईचा एक पाय फलाटावर होता. एका अनोळखी बाईने तिला आत ओढलं. आईच्या हातातली आमसुलांची बरणी फलाटावर फुटली. आई त्या बरणीसाठी रडली नाही, ती घाबरून रडली.

पनवेलला उतरून हार्बरने ये, असं लोक मला सांगतात. माझ्यापुरतं तेही करता येईल. पण ठाणे, मुलुंड, भांडुपच्या लोकांनी काय करायचं?

---

साबेगावकर (सोम, रात्री ९:१५)

ताई, हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. दिव्याचा तो फलाट माझा रोजचा आहे. २०१६ च्या डिसेंबरमध्ये काही जलद गाड्या दिव्याला थांबायला लागल्या, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. पण त्या मोजक्याच. कोकणची गाडी येते तेव्हा जलद मिळेलच असं नाही.

---

पारसिक (मंगळ, १६ जुलै, सकाळी ७:५०)

एक गोष्ट चांगली झाली तीही नोंदवून ठेवू या. कोविडनंतर पॅसेंजरलाही एक्स्प्रेसचं किमान भाडं, ३० रुपये, लावलं होतं. ते या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस परत १० रुपयांवर आलं. लोकांनी सतत पाठपुरावा केला म्हणून आलं. दादरचंही येऊ शकतं.

---

साबेगावकर (मंगळ, ८:१२)

आज पुलावर आले. फलाट रिकामा, झाडलेला. गाडी वेळेवर गेल्याचं चहावाला म्हणाला. काल आजोबा ज्या दारात बसले होते तिथे फलाटावर गोणपाटाची एक सुतळी पडली होती.

मी ठरवलं आहे. गणपती ७ सप्टेंबरला आहेत. तोवर दर शनिवारी, रविवारी मी दुपारी पुलावर थांबून दोन वेळा लिहीन: रत्नागिरीची गाडी कधी आली, आणि त्यानंतर ठाण्याकडे जाणारी पहिली जलद लोकल कधी मिळाली. सांधा काका, आणखी काय टिपायला हवं?

---

कळव्याचा_सांधा (मंगळ, ८:५५)

चार वेळा लिहा. गाडी थांबली ती. इंजिन सुटलं ती. इंजिन दुसऱ्या टोकाला लागलं ती. गाडी सुटली ती. मधल्या दोन वेळांतून कळेल की उभं राहण्यातला किती वेळ कामाचा आणि किती मोकळिकीचा. सहा-सात आठवड्यांची वही असेल तर ती कोणापुढेही ठेवता येते, "लोकांना त्रास होतो" या एका वाक्यापेक्षा तिचं वजन जास्त. दादर मिळायला वर्षं लागतील. पण गाडी आल्यावर पाच-दहा मिनिटांत येणारी एखादी जलद लोकल दिव्याला थांबवा, ही मागणी वहीच्या जोरावर लवकर मान्य होऊ शकते. त्यासाठी नवा रूळ लागत नाही.

लिहिताना पुलावरूनच लिहा, रुळांकडे उतरू नका.

---

तळोजा_पाचनंद (मंगळ, ९:०३)

रविवारी मला सुट्टी असते. रविवारची वही माझी.

---

विन्हेऱ्याची_लेक (मंगळ, ९:४०)

शनिवारी मी नेरूळहून येते. आणि पुढच्या महिन्यात आईला आणायचं आहे, ती त्याच गाडीने येईल. तेव्हा दिव्याला उतरल्यापासून लोकलमध्ये बसायला मिळेपर्यंतची मिनिटं मी घड्याळ लावून मोजेन. तीही लिहून घ्या.

---

साबेगावकर (मंगळ, ९:५२)

घेते. शनिवारी दुपारी, पुलाच्या पूर्वेकडच्या जिन्यापाशी. छत्री आणा, तिथलं छप्पर गळतं.